आधी सांगाडा, मग ग्रंथ

हल्ली शाळेतील प्रकल्पलेखन बहुधा संगणकावरच होते. दहाजण मिळून एकेक प्रकरण लिहितात, कोणीतरी ती प्रकरणे एकत्र जोडतो आणि यंत्रातून पानांचा गठ्ठा बाहेर पडतो. मग ध्यानात येते की, तिसरे प्रकरण दोनदा आले आहे, पाचव्याचा मथळा चौथ्याच्या पोटात शिरला आहे आणि समारोपाचा तर पत्ताच नाही! गठ्ठा रद्दीत जातो. हा दोष यंत्राचा नव्हे. आराखडा न पाहता ग्रंथ छापण्याच्या घाईचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्या घाईवर उपाय यंत्रातच आहे. वर्डमध्ये ‘आउटलाइन व्ह्यू’ नावाचे एक दृश्य असते. त्यात मथळ्यांना १ ते ९ अशा पायऱ्या देता येतात. पहिलीच पायरी उघडी ठेवली तर केवळ प्रकरणांची नावे दिसतात. दुसरी उघडली की पोटविभाग दिसू लागतात. ह्या दृश्यात छपाईची आज्ञा दिली असता जेवढे उघडे असेल तेवढेच कागदावर उतरते. छपाईपूर्व नमुन्यात सगळा मजकूर दिसला, तरी गोंधळून जाऊ नये. मात्र अक्षर ठळक केल्याने मथळा होत नाही. त्याला मथळ्याची शैली द्यावी लागते.

प्रकरणे निरनिराळ्या फायलींत असतील, तर ‘मास्टर डॉक्युमेंट’ त्यांना एका सूत्रात ओवते. तेथेही सावध असावे. उपविभाग मिटलेले ठेवून छापल्यास मजकुराऐवजी फायलींचे पत्तेच हाती येतात. संपूर्ण ग्रंथ हवा असल्यास ते आधी उघडावेत, नेहमीच्या पानाच्या दृश्यात यावे आणि मगच छापावे. मूळ फायलींची प्रत निराळी जपून ठेवावी, हेही सांगणे अवश्य आहे.

कोणी म्हणेल, पडद्यावर सांगाडा दिसतोच. मग दोन पाने तरी का खर्चावी? आमचे उत्तर असे की, पडदा एकाच्या डोळ्यांपुढे असतो, कागद दहाजणांच्या मध्ये ठेवता येतो. त्यावर पेन्सिलीने बाण काढता येतात, वाद घालता येतो, आणि आपले प्रकरण कोणाच्या आधी व कोणाच्या नंतर येते हे प्रत्येकाला कळते. दोन पानांच्या खर्चाने दोनशे पाने वाचतात.

ही दृष्टी आजची नव्हे. १९६८ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकावर यादी मिटवून-उघडून दाखविली, तेव्हा मजकूर पायऱ्यांनी पाहण्याची हीच कल्पना होती. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते तर संगणकाचे नावही नसताना. अनेक हातांनी लिहिलेले एवढे काम आराखड्याच्या शिस्तीवाचून उभे राहणे शक्यच नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, ज्याचा सांगाडा दोन पानांत मांडता येत नाही, ते लेखन अद्याप आपल्याच मनात स्पष्ट झालेले नाही, असे समजावे. म्हणून यंदाच्या प्रकल्पाचा पहिला कागद ग्रंथाचा नको, आराखड्याचा असावा. आणि त्यावर सर्व लेखकांच्या सह्या असाव्यात.