संधीआधीच निवाडा

लांब पल्ल्याची सायकल शर्यत स्त्रियांना झेपणार नाही, हा निवाडा त्यांना रस्त्यावर उतरू न देताच दिला गेला. पुरुष व्यावसायिकांची जागतिक रस्ता अजिंक्यपद स्पर्धा १९२७ साली सुरू झाली; स्त्रियांची सुरू व्हायला १९५८ साल उजाडले. त्या वर्षी लक्झेंबर्गची एल्सी जेकब्स पहिली विश्वविजेती ठरली. त्याच वर्षी मिलानमध्ये तिने तासाभरात ४१.३४७ किलोमीटर अंतर कापले आणि तो विक्रम १९७२ पर्यंत अबाधित राहिला. तरीही स्त्रियांच्या सायकल शर्यतीला ऑलिंपिकचे दार १९८४ मध्येच उघडले. उणीव सामर्थ्याची नव्हती, निवाडा देणाऱ्यांच्या दृष्टीची होती. ‘आधी पात्रता सिद्ध करा, मग संधी देऊ,’ असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे: संधीवाचून पात्रता सिद्ध करायची कुठे?