दोन माणसांचे ताट आणि धान्याचा हिशेब

घर लहान असले की त्याचा खर्चही लहान असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. “दोघांना असे लागते तरी किती?” हा प्रश्न नातलग विचारतात, शेजारी विचारतात आणि, शब्द निराळे असले तरी, शासनही विचारते. मुले कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेल्यावर गावी मागे राहिलेले वृद्ध दांपत्य, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार व त्याची पत्नी, विधवा आई व तिची शिकणारी मुलगी, विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या वेतनावर राबणारा शिक्षक व त्याची सहचारिणी, अशी दोन माणसांची बिऱ्हाडे आता प्रत्येक वस्तीत आढळतात. त्यांचा महिन्याचा किराणा कसा भागतो, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. वस्तुतः देशाच्या अन्नधोरणाची ती एक नेमकी कसोटी आहे.

प्रथम हिशेबच मांडून पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात सुमारे २,००० उष्मांकांच्या दैनंदिन आहाराचे प्रमाण दिलेले आहे. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीस दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाण्यासारखी तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम लागते. दोन माणसांच्या तीस दिवसांचा गुणाकार केला, तर धान्य १५ किलो, डाळी-कडधान्ये ५ किलोंहून किंचित अधिक, दूध १८ लिटर, भाजी २४ किलो, फळे ६ किलो, शेंगदाणे २ किलोंच्या आसपास आणि तेल दीड किलोच्या थोडे वर, अशी यादी तयार होते. यात चैनीची म्हणावी अशी एकही वस्तू नाही.

आता हिशेबापुरते भाव धरू. धान्य किलोला ४० रुपये, डाळ १२०, दूध लिटरला ६०, भाजी सरासरी ४०, फळे ८०, शेंगदाणे १४० आणि तेल १५०. गावागणिक आणि हंगामागणिक यांत फरक पडेल, परंतु निष्कर्ष फारसा बदलणार नाही. या भावांनी महिन्याची बेरीज सुमारे ४,२७० रुपये होते. त्यात चहा, साखर, मीठ-मसाला, दळणाची मजुरी आणि गॅस मिळविला की खर्च ५,००० रुपयांच्या पुढे जातो. या बेरजेतील घटकांचे परस्परप्रमाण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. धान्यावर खर्च होतात ६०० रुपये, म्हणजे एकूण अन्नखर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा. दुधावर १,०८०, भाजीवर ९६० आणि डाळीवर पुन्हा ६०० रुपयांच्या वर खर्च होतो. ज्या धान्याभोवती आपले सारे अन्नधोरण फिरते, ते या घराच्या चिंतेचे मुख्य कारण राहिलेले नाही.

पैसा अपुरा पडला म्हणजे अर्थातच काटकसर सुरू होते. महाराष्ट्रातील गृहिणीस ही विद्या कोणी नव्याने शिकवावी अशी स्थिती नाही. गव्हाबरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आणलेली मटकी, भाजी महागली की पिठले, जवसाची वा कारळ्याची चटणी, हंगामात स्वस्त मिळणारी अंबाडी, चाकवत आणि माठ, उरलेल्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले अर्थशास्त्र आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ते खोटे नाही. डाळ-तांदळाच्या खिचडीत धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. परंतु काटकसरीलाही एक तळ असतो. वरच्याच यादीत दूध दिवसाला पाव लिटरवर, म्हणजे केवळ चहापुरते आणले, फळे बंद केली, डाळ महिन्याला तीन किलो आणि शेंगदाणे एक किलो केले, तर सुमारे १,५०० रुपये वाचतात आणि खर्च २,७५० रुपयांवर येतो. संसार निभतो, पोटही भरते. मात्र कापले गेले ते नेमके काय? प्रथिने, चुना आणि जीवनसत्त्वे. वृद्धांची हाडे आणि तरुणांची ताकद ज्यांवर टिकते, त्याच वस्तूंवर पहिली कुऱ्हाड पडते, कारण त्या महाग असतात आणि त्यांच्यावाचून भूक मात्र भागू शकते.

या कपातीचा वाटाही समान नसतो. घरात दोनच माणसे असली तरी अर्धा पेला दूध कोणी घ्यावयाचे आणि वाटीभर वरण कोणाच्या पानात वाढावयाचे, याचा निर्णय बहुधा परंपरेने होऊन गेलेला असतो. कुटुंबाच्या सरासरी खर्चाचे आकडे कितीही काळजीपूर्वक गोळा केले तरी, मागाहून जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरले हे त्यांत दिसत नाही.

लहान घराची अडचण आणखी एका कारणाने वाढते. मोठ्या कुटुंबात अनेक खर्च वाटले जातात, दोघांच्या घरात ते वाटावयास माणसेच नसतात. दोन माणसांची डाळ शिजविण्यास चार माणसांच्या डाळीच्या निम्मा गॅस लागत नाही. तो त्याहून अधिक लागतो. बाजारात जाण्याचे भाडे तेवढेच पडते. पाच लिटरचा डबा किंवा वर्षाचे धान्य एकदम घेतले तर स्वस्त पडते, पण त्यासाठी हाती एकरकमी पैसा आणि साठवणीस जागा लागते. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत, तो पाव किलोची पुडी घेतो आणि अधिक दराने घेतो. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या जुन्या मोजमापात कुटुंबातील पहिल्या प्रौढ व्यक्तीची गरज एक धरली, तर दुसऱ्या प्रौढाची ०.७ आणि प्रत्येक मुलाची ०.५ धरली जात असे. त्या मापाने दोन प्रौढांच्या घराची दरडोई गरज, दोन प्रौढ व दोन मुले असलेल्या घरापेक्षा सुमारे चतुर्थांशाने अधिक येते. मुलांची भूक कमी असते, हे त्यात अंशतः धरलेले आहे. तरीही सामायिक खर्चाचा भार लहान घरावर अधिक पडतो, हे तत्त्व नाकारता येणार नाही.

मग आपले धोरण धान्यापाशीच का थांबले? त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास लाजिरवाणा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी २,२५० उष्मांक ही कसोटी होती, आणि त्यासाठी १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरात २२ रुपये ५० पैसे खर्चाची रेषा आखली होती. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने भीषण दुष्काळ पाहिला. परदेशातून आलेल्या मिलोवर दिवस काढणाऱ्या त्या पिढीला धान्य हाच अन्नाचा पर्याय वाटावा, हे स्वाभाविक होते. तथापि, त्याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन उतरलेल्या स्त्रियांच्या मागण्यांत धान्याबरोबर तेल आणि साखरही होती. स्वयंपाकघराचा हिशेब त्यांना नेमका ठाऊक होता.

त्यानंतर अर्धशतक लोटले. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा सुमारे २२ टक्के होता. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत तो पाच टक्क्यांच्या आसपास आला. स्वस्त वा मोफत धान्य हेही त्याचे एक कारण आहे आणि त्याचे श्रेय शिधावाटप व्यवस्थेस दिलेच पाहिजे. परंतु त्याच पाहणीत ग्रामीण भागात एकूण खर्चाचा ४६ टक्के आणि शहरात ३९ टक्के भाग अन्नावरच होत होता. याचा अर्थ असा की अन्नाचा भार हटलेला नाही. तो धान्यावरून सरकून दूध, भाजी, डाळ आणि तेल यांवर बसला आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते मोफत झाले. दोघांच्या घरास त्यामुळे दहा किलो धान्य मिळते. वरच्या हिशेबात त्याची किंमत ४०० रुपये, म्हणजे अन्नखर्चाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय या हक्काच्या दारावर उत्पन्नाचा उंबरठा आहे. महाराष्ट्रात कायद्याची अंमलबजावणी सुरू करताना प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरविण्यात आली. ज्या शहरी दांपत्याचे उत्पन्न महिन्याला बरोबर ५,००० रुपये, म्हणजे पोषक आहाराच्या खर्चाएवढेच आहे, त्याची वर्षाची बेरीज ६०,००० होते. घरभाडे, औषध आणि वीज यांसाठी ज्याच्यापाशी एक रुपयाही उरणार नाही, असे घर या मापाने मर्यादेच्या बाहेर जाते.

कामगारांच्या निवृत्तिवेतनाची कथाही अशीच आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये असावे, असे २०१४ मध्ये ठरले. त्यानंतरची दहा वर्षे ती रक्कम तेथेच राहिली, कारण या योजनेत महागाईशी जोडलेली वाढ नाही. सरकारी सेवकास महागाई भत्ता मिळतो. आयुष्यभर कारखान्यात खपलेल्या माणसाची भाजी मात्र जणू २०१४ च्याच भावाने मिळते, असे गृहीत धरले जाते.

यावर उपाय काय? पहिला उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. शिधावाटपातील वस्तूंमध्ये कालांतराने विविधता आणावी, असे अन्नसुरक्षा कायद्याचे बारावे कलम सांगते. तामिळनाडूने कायद्याची वाट न पाहता २००७ पासून शिधापत्रिकेवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दराने देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रानेही २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर व पामतेल यांचा संच दिला. पण सणाचा शिधा वेगळा आणि महिन्याचा शिधा वेगळा. प्रत्येक पत्रिकेवर, माणसे कितीही असोत, दरमहा किमान दोन किलो डाळ आणि एक लिटर तेल सवलतीने मिळाले, तर दोन माणसांच्या घराची तीन किलोंवर उतरलेली डाळ पुन्हा पाचांवर जाऊ शकेल. पत्रिकेवर दिलेला असा वाटा लहान घराच्या अंगभूत तोट्याची अंशतः भरपाईही करील. दुसरा उपाय म्हणजे उत्पन्नाची मर्यादा आणि किमान निवृत्तिवेतन दोन्ही महागाईच्या निर्देशांकाशी जोडणे.

एवढा पैसा आणावयाचा कोठून, ही शंका रास्त आहे. परंतु डाळीच्या बाबतीत हिशेब एकतर्फी नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि ग्राहक रडला. २०१७ मध्ये तुरीचे पीक उदंड आले, भाव हमीदराच्या खाली कोसळले आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकरी खरेदी केंद्रांसमोर रांगेत रडला. त्याच तुरीला शिधावाटपाची निश्चित मागणी मिळाली, तर दोन्ही टोकांचा धक्का सौम्य होईल. वस्तूंऐवजी रोख रक्कम द्यावी, असा पक्ष काही अर्थतज्ज्ञ मांडतात आणि निवडीचे स्वातंत्र्य हा त्यातील गुण मान्य करावयास हवा. परंतु गोठलेल्या रोख रकमेचे काय होते, हे एक हजार रुपयांच्या निवृत्तिवेतनाने पुरेसे दाखवून दिले आहे. डाळीचा किलो दहा वर्षांनीही किलोच राहतो.

शासन हलेल तेव्हा हलेल. तोवर ग्राहकांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागविण्याची व वाटून घेण्याची पद्धत रुजविली. दोघांच्या घरास मोठ्या घराचा भाव मिळवून देणारी याहून सोपी युक्ती क्वचितच सापडेल. तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षकांची मंडळे आहेत, पतसंस्था आहेत, महिला बचत गट आहेत. दहा घरांनी मिळून एक पोते तूरडाळ घेण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

मात्र सहकाराने किंमत कमी होते, उत्पन्न वाढत नाही. काटकसर हा सद्‌गुण आहे, पण ज्याच्या ताटातून दूध आणि डाळ आधीच गेली आहे, त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा सद्‌गुण नव्हे. दोन माणसांच्या घराला किती लागते, याचे उत्तर आता किलोंत आणि रुपयांत मांडता येते. धान्य पुरवून झाले आहे. आता वरणाचा आणि दुधाचा प्रश्न सोडविणे प्राप्त आहे.