पळतोय तो आपला!

परवा ऑफिसात डबा उघडला आणि आतल्या पपईच्या फोडी बघून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, ‘काय गं, डाएट सुरू?’ म्हटलं, डाएट नाही बाई, ही लढाईतली कमाई आहे! त्या लढाईचीच आजची गोष्ट. आधीच कबूल करते, पहिली चूक माझी होती.

आमचं घर कार्ल्याला. पावसाळ्यात तुम्ही सगळे भजी खायला आणि लेणी बघायला येता ना, तेच कार्ले. मी नोकरीसाठी हिंजवडीत, आई गावी. एक आड एक शनिवारी आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, रिक्षा करायची आणि आईच्या हातचं जेवून आडवं व्हायचं, असा आपला वीकेंड. घरामागे एक पपई आहे. बाबा गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांनी ती लावली. आई त्याबद्दल फारसं बोलत नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते, एवढंच.

चैत्रात एकवीरेच्या यात्रेच्या सुमारास घरी गेले, तर पपईचा अवतार बघवेना. पानांच्या मागे, देठांवर, कोवळ्या फळांवर कापूस पिंजून चिकटवावा तसे पांढरे पुंजके. खालची पानं चिकट आणि त्यावर काजळी. खोडावरून मुंग्यांची ये-जा तर एक्स्प्रेस वेसारखी! आई म्हणाली, ‘अगं, पंधरा दिवसांपासून आहे. मी बघतेय रोज.’

‘बघून काय होणार?’ मी म्हटलं आणि कामाला लागले. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, हातात मोजे. दोन तासांत जे जे पांढरं दिसलं ते ते घासून काढलं. त्यात काही चांगले लांब, झिपरे आणि तुरुतुरु पळणारेही होते. हे या टोळीचे म्होरके असणार, म्हणून त्यांना आधी टिपलं. हात न पोचणाऱ्या शेंड्याकडच्या बारक्यांना मात्र सोडून दिलं. संध्याकाळी आईने झाड न्याहाळलं आणि विचारलं, ‘ते मोठे कुठे गेले गं? ते बारक्यांना खायचे.’

मी हसले. आईला काय कळतंय, असं वाटलं. दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा झाड पुन्हा पांढरंफेक! मग मात्र नेटवर शोधत बसले आणि कळलं, की आई शंभर टक्के बरोबर होती.

तर मंडळी, या पाहुण्याचं नाव पिठ्या ढेकूण. पपईवर येणारी त्याची खास जात मूळची मेक्सिकोकडची. मादी जेमतेम दोन मिलिमीटरची, पिवळट, अंगावर मेणाची पावडर. रस शोषायचा आणि शरीरातून गोड चिकट पाणी सोडायचं, हा तिचा उद्योग. त्या पाण्यावर काजळीसारखी बुरशी चढते आणि मुंग्यांची चंगळ होते. मुंग्या मग फुकट खाऊच्या बदल्यात या ढेकणांची राखण करतात, म्हणजे त्यांना खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. पक्की सेटिंग!

आणि माझे ‘म्होरके’? ती ढालकिड्याची, म्हणजे आपल्या लेडीबर्डची पिल्लं होती. यातल्या काही जातींच्या अळ्या स्वतःही अंगावर पांढरं मेण वागवतात. दिसायला थेट पिठ्या ढेकूण, फक्त आकाराने कितीतरी मोठ्या. खाणं एकच, पिठ्या ढेकूण! यातला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा तर 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला होता. एप फ्लाय नावाच्या छोट्या करड्या फुलपाखराच्या अळ्याही हेच खातात. तिचा कोष बघाल तर चक्क माकडाचा चेहरा! थोडक्यात, मी चोरांना ठेवून पोलिसांना हाकललं होतं.

त्या दिवशी मी घरी हात हलवत गेले नव्हते. दुकानदाराने ‘मॅडम, एकदम स्ट्राँग आहे’ म्हणून दिलेली कीटकनाशकाची बाटली पर्समध्ये होती. झाकण उघडणार, तेवढ्यात वर लक्ष गेलं. पपईला सगळी फळं एकदम धरत नाहीत. एक पिकत असतं, तेव्हा त्याच्या वर चार हिरवी आणि त्याहून वर फुलं असतात. म्हणजे आज फवारलं तर परवा आईच्या ताटात काय येणार? बाटली तशीच बंद ठेवली.

ही काही फक्त आमच्या परसातली गोष्ट नाही. 2008 मध्ये हाच किडा भारतात पहिल्यांदा कोइमतूरला सापडला आणि पपईच्या बागांबरोबर तुतीवरही पसरला. पुढे आपल्या पुणे परिसरातही पोचला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं मारली, पण मेणाच्या कोटाखाली ढेकूण आणि त्याची अंडी सुरक्षित. मेले ते बिनकोटाचे मित्रकीटक. शेवटी 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या परोपजीवी माश्या आणल्या. त्यातली ॲसेरोफॅगस ही तर मिलिमीटरपेक्षाही लहान. आपल्याला चावत नाही, डसत नाही. पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून संपवते. या माश्या सोडल्या आणि जे फवाऱ्यांना जमलं नव्हतं ते बघता बघता झालं. फक्त अट एकच, माश्या सोडल्यावर फवारणी बंद!

मग मीही आईचाच फॉर्म्युला घेतला. आधी बघायचं, मग करायचं. तुमच्याही दारात पपई असेल किंवा बाल्कनीत जास्वंद असेल (हा पाहुणा तिच्यावरही येतो), तर हे करून बघा.

• आधी पाच मिनिटं नुसतं निरखा. पांढरं दिसतंय आणि जागचं हलत नाही, तो शत्रू. पांढरं, मोठं आणि पळतंय, तो आपला!

• मुंग्यांचा रस्ता तोडा. खोडाला कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस फासा. ग्रीस थेट खोडाला नको. राखणदार गेले की मित्रकीटकांचं काम सोपं होतं.

• पुंजके पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. फार भरलेलं पान असेल तर त्यावर मित्र नाहीत ना हे बघून कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नुसतं बाजूला फेकाल तर पिल्लं पुन्हा चालत येतील.

• अगदीच गरज पडली तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य लिक्विड सोप. फक्त पुंजक्यावर, तेही ऊन उतरल्यावर. पपईचं पान नाजूक, म्हणून आधी एकाच पानावर ट्रायल.

• आसपासचं गाजरगवत उपटा. ते या किड्याचं दुसरं घर.

मेमध्ये पट्टीच्या वर पळणारे झिपरे परत दिसले. आईने फोनवर बातमी दिली, ‘आले गं तुझे पोलीस.’ जूनमध्ये मावळातला पाऊस असा कोसळला, की उरलेसुरले ढेकूण वाहून गेले. झाड थोडं खंगलं खरं, दोन फळं वेडीवाकडी झाली, पण उभं आहे. परवाची फोड त्याच्याच फळाची.

त्या फळाच्या बिया आईने राखेत घोळून कागदावर वाळत घातल्यात. पपईचं आयुष्य काही फार नसतं, हे तिलाही ठाऊक आहे. मला म्हणाली, ‘पुढच्या शनिवारी येशील तेव्हा घाई करू नकोस. चहा घे आणि पायरीवर बस जरा.’

या वेळी मी बसणार आहे.