विश्लेषण : स्पोर्ट्स कारचे ऑइल थंड इंजिनावर का तपासू नये?

‘सकाळी गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइल बघा,’ हा सल्ला गाडी शिकताना बहुतेकांना मिळालेला असतो. साध्या मोटारीसाठी तो चुकीचा नाही. पण जुन्या पोर्शे 911 सारख्या स्पोर्ट्स कारला तोच नियम लावला, तर पुरेसे ऑइल असूनही डिपस्टिक जवळपास कोरडी निघू शकते. मग घाईने लिटरभर ऑइल ओतले जाते आणि धडधाकट इंजिनाचे दुखणे सुरू होते.

साध्या मोटारीपेक्षा वेगळे काय?

साध्या मोटारीत सगळे ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये साठते. त्याला ‘वेट सम्प’ म्हणतात. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद केले आणि काही मिनिटे थांबले, की ऑइल खाली उतरते आणि डिपस्टिक खरी पातळी दाखवते.

स्पोर्ट्स कार मात्र वेगात वळते, तेव्हा चेंबरमधले ऑइल एका बाजूला ढकलले जाते. पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा आली, तर बेअरिंग काही क्षणांतच खराब होऊ शकतात. त्यामुळे अशा अनेक गाड्यांत ‘ड्राय सम्प’ असतो. एक पंप तळाचे ऑइल सतत उपसून वेगळ्या टाकीत नेतो आणि दुसरा टाकीतले ऑइल दाबाने इंजिनाला पुरवतो. 1964 ते 1998 या काळातील एअर-कूल्ड 911 गाड्यांत हीच रचना आहे.

मग थंड इंजिनावर चूक कशी होते?

या गाड्यांची डिपस्टिक टाकीत असते. गाडी रात्रभर उभी राहिली, की टाकीतले थोडे ऑइल हळूहळू झिरपत इंजिनाच्या तळाशी जाते. टाकीतली पातळी उतरते, पण गाडीतले एकूण ऑइल तेवढेच असते. शिवाय तापल्यावर ऑइल प्रसरण पावते. त्यामुळे थंड इंजिनावरील आकड्याला अर्थ उरत नाही.

योग्य पद्धत कोणती?

एअर-कूल्ड 911 साठी गाडी चालवून ऑइल पूर्ण तापवावे. जागेवर दोन-चार मिनिटे इंजिन चालू ठेवणे पुरेसे नाही, कारण ऑइल तापायला वेळ लागतो. मग गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि इंजिन बंद न करता ते मंद गतीवर चालू ठेवावे. डिपस्टिक काढून फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली, तर काही घालू नये.

हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये, तिथे विषारी धूर साचतो. इंजिनाचा पंखा आणि पट्टा फिरत असतात, म्हणून ओढणी, सैल बाही, मोकळे केस दूर ठेवावेत.

सगळ्या स्पोर्ट्स कारना हाच नियम लागू आहे का?

नाही. शेवरोले कॉर्व्हेटच्या 2020 पासूनच्या पिढीतही ड्राय सम्प आहे. पण तिथे इंजिन तापवून बंद करायचे आणि काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहायची असते. आजच्या 911 मध्ये डिपस्टिकच नाही. सेन्सरने मोजलेली पातळी पडद्यावर दिसते. म्हणजे ‘ड्राय सम्प आहे’ एवढे कळून भागत नाही. त्या मॉडेलच्या पुस्तिकेतली पद्धतच अंतिम मानावी.

ऑइल जास्त झाले तर बिघडते कुठे?

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज इथे महागात पडतो. ड्राय सम्पची टाकी वाजवीपेक्षा भरली, की जादा ऑइल इंजिनाच्या श्वसननळीतून हवेच्या मार्गात शिरते आणि जळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग खराब होतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही इजा पोहोचू शकते. वेट सम्पमध्ये फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि दाब घटतो. म्हणून पातळी खरोखर कमी असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑइल पाव लिटरच्या टप्प्याने घालावे आणि दर वेळी त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे.

ऑइलचा लाल दिवा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. तो साधारणपणे दाब घसरल्याचा इशारा असतो. तो चालत्या गाडीत लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावे.

जबाबदारी कोणाची?

जुनी स्पोर्ट्स कार हातोहात विकली जाते, तेव्हा किल्ली मिळते, पण पुस्तिका अनेकदा मागेच राहते. नवा मालक मग गॅरेजच्या सवयीवर विसंबतो. मेकॅनिक कितीही अनुभवी असला, तरी दररोज वेट सम्पच्या गाड्या हाताळणारा हात थंड इंजिनाच्या डिपस्टिककडे सहज जाणारच. त्याला दोष देण्यापेक्षा मालकाने त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील ऑइल तपासणीचे पान मोबाइलमध्ये ठेवावे आणि बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी दाखवावे. विक्रेत्यांनीही गाडीच्या कागदपत्रांसोबत ही पुस्तिका दिलीच पाहिजे. लाखोंच्या इंजिनासाठी एवढी काळजी मुळीच जास्त नाही.