बेडकाला अभय, शेताला मृत्युदंड?

मृगाचा पाऊस पडला की गोव्यात एक सरकारी उपक्रम सुरू होतो. बेडूक मारू नका, असे आवाहन वन खाते करते, रात्री गस्तीची पथके फिरतात आणि 'जंपिंग चिकन' या गोंडस नावाखाली बेडकाच्या तंगड्या विकणाऱ्यांना कायद्याची आठवण करून दिली जाते. हे योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला अभय दिले. तंगड्यांची निर्यातही १९८७ मध्ये बंद झाली. भातावरची कीड फस्त करणारा हा बिनपगारी राखणदार जिभेच्या चोचल्यांसाठी मारणाऱ्यांची गय करण्याचे कारण नाही.

परंतु बत्ती घेऊन शेतात उतरणारा चोर हाच बेडकाचा एकमेव वैरी आहे काय? पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक उन्हाळा जमिनीच्या पोटात काढतो. पहिल्या सरींबरोबर तो वर येतो आणि साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. हे पाणी अल्पायुषी असते. ते आटण्यापूर्वी बेडूकमाशांना पाय फुटावे लागतात. भातशेते आणि सड्यांवरची डबकी म्हणजे बेडकांची सूतिकागृहेच होत. नेमक्या याच जागा आज विकासाच्या डोळ्यांत भरल्या आहेत. चोर पोतेभर बेडूक नेतो. मातीचा भराव पिढ्यान् पिढ्या गाडतो आणि तोही अनेकदा रीतसर परवाना खिशात घालून!

ही आमचीच कुरकुर नव्हे. जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असून अधिवासाचा नाश हे त्याचे सर्वांत व्यापक कारण ठरले.

त्याच २०२३ साली आपल्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालण्यात आले. आराखड्यातील 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली शेतजमिनीचे रूपांतर वसाहतीच्या जमिनीत होऊ लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालील नियम रद्दबातल ठरविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या शेतात बाप-आजा राबले, ते शेत नकाशावरील चूक होते, हे गोमंतकीय शेतकऱ्याने कसे मानावे?

एका हाताने बेडकाला अभय द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे पाणी काढून घ्यायचे, हा शुद्ध दंभ आहे. प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील पावसाळी पाणथळांची नोंद करावी. ती पाहिल्याखेरीज भरावाला परवानगी मिळू नये. विणीच्या दिवसांत अशा जागी मातीकाम थांबावे आणि शेतांतून जाणाऱ्या नव्या रस्त्यांखाली पाण्याला व प्राण्याला वाट ठेवावी, अशी आमची सूचना आहे. यासाठी तिजोरी रिती करावी लागणार नाही.

शेत बुजले की पाणी घरात शिरते, याचा अनुभव आपली शहरे घेत आहेत. ज्या जमिनीत बेडकाला ओल सापडत नाही, त्या जमिनीतील विहिरीला तरी ती कोठून सापडणार? बेडकाची बाजू घेणे म्हणजे अखेर आपल्याच पाण्याची बाजू घेणे होय. सरकारला हे उमगत नसेल, तर ग्रामसभांनी ते बजावून सांगावे.