रापणकाराचे नाव, ट्रॉलरचे डिझेल

जिनिव्हाहून 'वाटाघाटींत प्रगती' अशी बातमी आली की काय ठरले ते मी नंतर वाचतो. काय गाळले ते आधी शोधतो.

जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांवरचा करारच घ्या. विषय पटलावर आला २००१ साली, दोहाला. करार झाला जून २०२२ मध्ये. अमलात आला १५ सप्टेंबर २०२५ रोजी, १६६ पैकी १११ सदस्यांनी मान्यता दिल्यावर. चोवीस वर्षे! एवढ्या वेळात रापण ओढणारा पोरगा बाप झाला आणि त्याचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला.

आणि मिळाले काय? बेकायदा मासेमारीला सरकारी पैसा नको, उपसून संपत आलेल्या मासळीवर नको, खोल समुद्रात जिथे कुणाचेच नियम नाहीत तिथे नको. वाईट नाही. पण चोराला अनुदान देऊ नये एवढे ठरवायला दोन दशके लागावीत? खरे दुखणे होते ते ताफे वाढवणाऱ्या पैशाचे. बोट बांधायला पैसे, इंधनाला पैसे, म्हणून तर हजारो मैल दूर, दुसऱ्याच्या दारात जाऊन मासे मारणे परवडते. नेमके तेच कलम २०२२ मध्ये बाजूला ठेवले. २०२४ मध्ये अबुधाबीलाही ते जमले नाही.

तेव्हा 'भारताने खोडा घातला' असे बरेच लिहिले गेले. मला ते मान्य नाही. त्या मसुद्यात मोठ्या अनुदानवाल्या देशांसाठी एक चोरवाट होती: मासळीचे साठे आम्ही नीट सांभाळतो असे कागद दाखवा आणि अनुदान चालू ठेवा. आता कागद कोण दाखवणार? ज्याच्याकडे मासे मोजणारी संशोधन जहाजे आणि शास्त्रज्ञांची फौज आहे तो. म्हणजे ज्यांनी समुद्र उपसला त्यांनाच दाखला! दूर समुद्रात जाणाऱ्या ताफ्यांनी २५ वर्षे अनुदान बंद ठेवावे, ही भारताची मागणी मला रास्त वाटते.

इथवर मी सरकारच्या बाजूने. पुढे नाही.

२०२२ मध्ये पीयूष गोयल यांनी जिनिव्हात सांगितले की भारत एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर देतो आणि काही देश ४२ हजार, ६५ हजार, ७५ हजार डॉलर देतात. आकडा ऐकून डोळ्यांसमोर कोण येतो? रापणकार. पण आपण सवलत मागतो ती किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या सगळ्या पट्ट्यासाठी. त्या पट्ट्यात ट्रॉलरही आले, पर्ससीनवालेही आले. गोव्यात ट्रॉलरमालकांना डिझेलवरचा कर परत मिळतो. हाताने ओढायच्या रापणीला डिझेल लागते कुठे?

ज्यांना सत्तरचे दशक आठवते त्यांना हे नवे नाही. तेव्हाही यांत्रिक बोटींना सरकारी कर्जे आणि अनुदाने मिळाली, आणि रापणकारांना रस्त्यावर उतरावे लागले. त्यातून १९८० चा कायदा आला. किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पारंपरिक मच्छीमारांचे, हा नियम आजही कागदावर आहे. (कागदावर मासे राहत नाहीत, हा भाग वेगळा.) बांगडा-तारल्यांचा भाव विचारायला मडगावच्या बाजारात कधीतरी सकाळी जा, म्हणजे कळेल.

करारातच अट आहे: चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत, उरलेले कलम ठरले नाही तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याखेरीज करारच संपतो. म्हणजे वेळ फार नाही. भारताने आपल्या मागणीत रापण, होडी, लहान मच्छीमार असे वेगळे नाव घालून सवलत मागावी, आणि ट्रॉलरला त्या नावामागे लपू देऊ नये. गोवा सरकारनेही मासेमारीच्या अनुदानातला किती पैसा ट्रॉलरला गेला आणि किती होडीला, हे दरवर्षी मराठीत आणि कोकणीत छापावे.