पिकअपचा सायलेन्सर बदलताना छातीचाही हिशेब हवा

मार्च ते मे या काळात रत्नागिरीतून आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या पिकअप रात्रभर मुंबई-गोवा महामार्गावर धावत असतात. पहाटेच्या आत वाशीचा बाजार गाठायचा असतो. मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन निघणाऱ्या गाड्यांनाही अशीच घाई असते, कारण बर्फ वितळायला थांबत नाही. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना तर भरल्या गाडीने आंबा घाट चढायचा असतो. अशा वेळी गाडीची ओढ कमी झाली किंवा डॅशबोर्डवर धुराच्या गाळणीचा दिवा लागला, की मालक थेट गॅरेज गाठतो. तिथे त्याला हमखास एक सल्ला मिळतो : ‘ती गाळणीच काढून टाका आणि मोकळा पाइप बसवा. गाडी पळेल, डिझेलही वाचेल.’

या सल्ल्याची चर्चा आता वाढण्याचे कारण सरळ आहे. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्या सुरुवातीच्या काळात घेतलेल्या गाड्यांची वॉरंटी संपली आहे आणि त्यांच्या धूरशुद्धी यंत्रणेचा खर्च मालकाच्या खिशातून होऊ लागला आहे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला नवी गाळणी परवडत नाही. त्यामुळे हा प्रश्न नुसता हौसेचा किंवा बेशिस्तीचा म्हणून सोडून देता येत नाही. मात्र त्याचा एक भाग गॅरेजच्या बिलात कधीच दिसत नाही. तो भाग आरोग्याचा आहे.

एकाच पाइपात दोन वेगळी कामे

ज्याला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात दोन भाग असतात. इंजिनाजवळचा पुढचा भाग धूर स्वच्छ करतो. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. काही गाड्यांत नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावणही वापरले जाते. मागचा भाग आवाज दाबतो आणि उरलेला वायू मागे सोडतो. खरा सायलेन्सर तो हा.

कोकणात हा मागचा भाग लवकर सडतो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या क्रेटमधून गळणारे खारट पाणी यांपुढे साधा पत्रा टिकत नाही. त्यामुळे बाजारातला पर्यायी सायलेन्सर शोधण्याची वेळ इथल्या मालकावर लवकर येते. त्यात वावगे काही नाही. त्याच मॉडेलसाठी मंजूर असलेला, मूळच्याच मापाचा आणि आतली आवाज दाबणारी रचना कायम असलेला सायलेन्सर बसवता येतो. स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचा असेल तर तो गंजाला अधिक काळ तोंड देतो. बोलणी मागच्या भागाची चाललेली असताना पुढचा भागही काढला जातो, तेव्हा मात्र मामला बदलतो.

गाळणी काय अडवते?

हलक्या मालवाहू वाहनांच्या सर्वांत वजनदार गटातील डिझेल गाडीला बीएस-४ मध्ये दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा ३९० मिलिग्रॅमवरून १२५ वर आली. सूक्ष्मकणांतली एवढी मोठी घट प्रामुख्याने गाळणीमुळे साधते. चांगली गाळणी ९० टक्क्यांहून अधिक काजळी अडवते.

ही काजळी साध्या धुळीसारखी नसते. तिचे असंख्य कण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट द्रव त्यांना पुरेसे अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. तिथे दाह सुरू होतो. दम्याचा त्रास बळावणे, श्वासनलिकांचा जुना विकार वाढणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे त्याचे परिणाम आहेत. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेच्या अस्तराला थेट चेतवतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर ‘मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणारा’ या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. त्याआधी, त्याच वर्षी, अमेरिकेतील आठ खाणींतल्या १२ हजारांवर कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भूमिगत कामगारांपैकी ज्यांच्या श्वासात डिझेलचा धूर सर्वाधिक गेला, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

‘आपल्याकडे समुद्राचा वारा आहे, धूर टिकतो कुठे?’ असे रत्नागिरीत नेहमी ऐकू येते. शहराच्या सरासरी हवेबद्दल त्यात तथ्य आहे. पण धुराचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते आणि दोन-तीनशे मीटरवर ते बरेच खाली येते. म्हणजे खरा मारा होतो तो चालक, क्लीनर, जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायका, आंब्याच्या शेडमध्ये पेट्या भरणारे मजूर आणि रस्त्याला लागून घर असलेल्यांवर. सुरू ठेवलेल्या गाडीच्या मागे उभे राहून माल चढवणाऱ्याच्या तोंडाशी धुराचा पाइप असतो. तिथवर समुद्राचा वारा पोहोचण्याआधीच श्वास आत गेलेला असतो.

रोग रेड्याला, औषध पखालीला

गाळणी काढल्यावर गाडी पळते, हा अनुभव खोटा नाही. तुंबलेली गाळणी वायूला मागे रेटते आणि इंजिनाचा दम घोटते. पण ती तुंबली का, हे पाहिलेच जात नाही. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून गाळणी स्वतःला साफ करते. त्यासाठी इंजिन काही वेळ एकसलग, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. बंदर ते बर्फ कारखाना, बाग ते पॅकिंग शेड अशा तोकड्या फेऱ्यांत आणि तासन्‌तास गाडी जागेवर सुरू ठेवण्यात ही संधी मिळत नाही. त्यात इंजेक्टर खराब असेल, टर्बोतून तेल झिरपत असेल किंवा कमी राखेचे, कंपनीने सांगितलेले ऑइल सोडून दुसरेच भरले असेल, तर गाळणी लवकर भरते. अशा वेळी ती काढणे म्हणजे ताप मोजणारा थर्मामीटर फेकून देण्यासारखे आहे. इंजिनाचे दुखणे आतल्या आत वाढत राहते.

दिवा लागताच वाहनाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर सलग गाडी चालवली, तर पुष्कळदा प्रश्न सुटतो. तेवढ्याने भागले नाही, तर कार्यशाळेत यंत्राच्या मदतीने काजळी जाळून घेता येते. काजळी जळते, पण राख उरते. ती साठली की गाळणी उतरवून, साफ करून पुन्हा बसवता येते. नव्या गाळणीपेक्षा हा खर्च बराच कमी असतो. मात्र उघड्यावर हवेच्या नळीने फुंकून ती साफ करणे धोक्याचे आहे. वर्षभर अडवलेली काजळी क्षणात गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जाते. हे काम बंदिस्त यंत्रात व्हावे आणि गाळणी हाताळताना एन-९५ मास्क वापरावा.

घाईघाईने जोडलेल्या पाइपाचा आणखी एक धोका आहे. सांधा सुटला तर वायू केबिनमध्ये शिरतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइड कमी सोडते, पण काचा लावून, इंजिन सुरू ठेवून झोपणाऱ्या चालकाला तेवढाही महागात पडू शकतो. या वायूला वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळीही आकडा ठीकच दाखवते. गाडीत बसल्यावर डोके दुखते आणि बाहेर उतरल्यावर उतरते, असे वारंवार होत असेल तर आधी पाइपाचे सांधे तपासावेत आणि डॉक्टरांना गाडीचीही माहिती द्यावी.

आवाजाचे दुखणे वेगळे. रोज आठ तास ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू कमी होते आणि ती परत येत नाही. पुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्म्याने घटते. रुग्णालये आणि शाळांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. रात्री दोन वाजता मोकळ्या पाइपाची एक गाडी गेली, तरी पूर्ण वॉर्ड जागा होतो.

तपासणीच्या जाळ्यातली भोके

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. हवा आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० नुसार दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. राज्यात ठिकठिकाणी पोलीस दुचाकींचे कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, कारण तो गुन्हा कानाला कळतो. काढलेली गाळणी कानाला कळत नाही आणि डोळ्यांनाही क्वचितच दिसते.

पीयूसी चाचणीतही ती सहज सुटू शकते. डिझेल गाडी जागेवर रेस करून धूर किती दाट आहे एवढेच तिथे मोजले जाते. अतिसूक्ष्म कणांची संख्या आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. संगणकातली आज्ञावली बदलून दिवाही विझवता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला, की आधीच्या दशकभरात तिथे साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूरशुद्धी यंत्रणा काढली गेली. त्यातून होणारे जादा प्रदूषण ९० लाखांहून अधिक नव्या पिकअप रस्त्यावर आणण्याइतके होते. थोड्या गाड्या केवढे नुकसान करू शकतात, हे त्यातून दिसते.

त्यामुळे पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी गाडीखाली वाकून गाळणी जागेवर आहे का, हे पाहण्याची सक्ती हवी. गाडीचा संगणकही वाचला पाहिजे. दंडाइतकीच सोयही गरजेची आहे. गाळणी साफ करून देणारी विश्वासार्ह केंद्रे जिल्ह्यात वाढली आणि आंबा बागायतदार व मच्छीमार संस्थांनी हंगामापूर्वी त्यासाठी एकत्रित दर ठरवून घेतला, तर काढून टाकण्याचा मोह पुष्कळ कमी होईल.

तोवर मालकाने गॅरेजमध्ये एवढे लक्षात ठेवावे. मागचा सडलेला सायलेन्सर बदलावा, पुढच्या गाळणीला हात लावू देऊ नये. कोणता भाग काढला आणि कोणता बसवला, हे बिलावर लिहून घ्यावे. मासळीची फेरी झाली की गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. माल चढवताना इंजिन बंद ठेवावे. रोज त्या गाडीसोबत राहणाऱ्या चालकाला आणि क्लीनरला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, धाप किंवा छातीत घरघर असेल, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.